एक मोर झाला की उठायचं

“अहो, ताट वाढलंय. निवू राहिलं सगळं.”

“निवू दे. मला उठता येत नाही.”

कौसाला वाटलं, मी नेहमीसारखाच टाळतोय. मोराची मान अर्धवट असली की मी जेवायला उठत नाही, हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. ती बडबडत आत गेली. मला मात्र त्या दिवशी खरंच उठता येत नव्हतं. पाय मागाच्या खड्ड्यात, हात समोरच्या लाकडावर, आणि कमरेत कोणीतरी पाचर ठोकून ठेवलेली. पुढं वाकलं की कळ, मागं रेललं की कळ, आणि ती कळ डाव्या खुब्यातून थेट मांडीत उतरायची.

शेवटी हाका मारून शेजारच्या गंगाधरला बोलावलं. त्यानं आणि त्याच्या भावानं काखेत हात घालून मला विहिरीत पडलेल्या रेड्यासारखं वर ओढलं.

“नाना, पुढच्या वेळी क्रेन सांगून ठेवा,” गंगाधर म्हणाला.

मी हसलो नाही. हसलं तरी दुखत होतं.

आम्ही येवल्याचे साळी. हातमागावर पैठणी विणणं हा आमच्या घराचा धंदा. विणणारा जमिनीच्या पातळीला बसतो, पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो आणि पुढं वाकून रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या एकेक करून ताण्याच्या उभ्या धाग्यांत घालतो. असं वाकून वाकून माझी उमर गेली होती. त्या दिवशी मागावर होती ती पैठणी मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. माझ्या मुलीची, कल्पनाची होती. वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं. जांभळं अंग विणून झालं होतं आणि मोरांचा पदर नुकता सुरू केला होता. माझ्या वडिलांनी माझ्या बहिणीला स्वतःच्या हातानं विणून दिली होती. कल्पना परकरात होती तेव्हापासून मी तिला सांगत आलो होतो, जगाच्या पोरी माझ्या पैठण्या नेसून गेल्या, तूही माझ्याच हातची नेसून जाशील.

“पदर मी पुरा करतो ना,” गंगाधर दुसऱ्या दिवशी म्हणाला. “मोर काय, तुमचे नि माझे एकच.”

“मोर एक असतील, हात एक नाही.”

यात गंगाधरचा अपमान नव्हता, त्यालाही ते माहीत होतं. प्रत्येक धागा घातल्यावर फणीनं ठोकावा लागतो, आणि प्रत्येकाचा ठोक वेगळा. मधेच विणणारा बदलला की कापडावर बारीक आडवी रेघ उमटते. बाहेरच्याला ती दिसायची नाही, पण साळ्याच्या घरातल्या पोराचं बोटसुद्धा तिथं अडतं. आणि कल्पनाचं सासर संगमनेरचं, साळ्याचंच.

डॉक्टरांनी फोटो काढला. नस दबलीय म्हणाले, माग सोडा, खुर्चीवर बसायचं काहीतरी काम बघा.

“खुर्चीवर बसून पैठणी कोण विणतं, साहेब?”

“मग नाशिकला एक बाई व्यायाम शिकवतात, त्यांच्याकडं जाऊन बघा. त्यानंही उतार पडला नाही, तर माग विसरा.”

आता नाशिकला मला न्यायचं कोणी? माझा मुलगा दिगंबर सिन्नरच्या कारखान्यात, त्याला रजा नाही. कौसाला गाडी लागते. निफाड यायच्या आत तिचा जीव कासावीस होतो. राहिली दिगंबरची बायको, सारिका. वैजापूरची पोर, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

इथं आमच्या घरची रीत सांगायला पाहिजे. सून सासऱ्यासमोर बसत नसे. डोक्यावरून पदर, नजर खाली, आणि सासऱ्याशी थेट बोलणं नाही. मला पाणी हवं असलं तर मी कौसाला सांगायचो, कौसा सारिकाला, आणि तांब्या उंबऱ्यावर यायचा. तिचा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकलेला, पण लग्न झाल्यापासून तोंड धड पाहिलेलं नव्हतं. अशी आमची जोडी एस.टी.त बसून नाशिकला निघाली. मी पुढच्या बाकावर, ती मागच्या. तिकीट कोणी काढायचं, यावरून कंडक्टरही चक्रावला.

व्यायामाच्या डॉक्टर तस्नीमबाई, वयानं आमच्या कल्पनाहून थोड्या मोठ्या. त्यांनी मला पालथं घातलं, उताणं घातलं, पाय वळवून पाहिले.

“नाना, तुमच्या कमरेचा दोष नाही. ती बिचारी एकटी राबतेय. सारखं बसून मांड्यांचे पुढचे स्नायू आखडलेत आणि कुल्ल्याचे स्नायू झोपून गेलेत. झोपलेल्यांना उठवायचं, आखडलेल्यांना सैल करायचं. घरी करून कोण घेईल?”

मी पडद्याकडं पाहिलं. पडद्याच्या पलीकडं सारिका भिंतीकडं तोंड करून उभी होती.

“ती माझी सून आहे,” मी म्हणालो.

“मग उत्तम.”

“उत्तम कसलं? ती माझ्यासमोर येत नाही.”

तस्नीमबाई आमच्याकडं आळीपाळीनं पाहत राहिल्या. मग उठल्या, सारिकाला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या आणि तिच्याकडून सगळे व्यायाम करून घेतले. मला भिंतीतून फक्त त्यांचा आवाज येत होता. “हळू. श्वास सोडत. दुखेपर्यंत नाही, ताण जाणवेपर्यंत. हां, शाब्बास.”

घरी आल्यावर आमची शाळा सुरू झाली. मी मागाच्या खोलीत सतरंजीवर उताणा, कौसा दारात, सारिका स्वयंपाकघरात चुलीपाशी.

“सारिका म्हणती, गुडघे उभे करा नि पाय टेकवा,” कौसा सांगायची. “आता कंबर वर उचला.”

मी उचलायचो. कौसाला हसू यायचं, ती पदर तोंडाला लावायची आणि मी रागानं खाली आदळायचो.

“सारिका म्हणती, आता एक गुडघा छातीशी घ्या. एकच.”

“घेतला.”

“एकानं काय होणार?” हे कौसाचं स्वतःचं. “एकेक पाय लेकराबाळांना ठीक आहे. तुम्ही दोन्ही उचला की सरळ, लवकर बरे व्हाल. लग्न तोंडावर येऊ राहिलं.”

मलाही ते पटलं. मी साळी माणूस. ताणा जितका ताठ तितकं कापड चांगलं, हे मी आयुष्यभर मानत आलेलो. म्हणून दोन्ही पाय सरळ वर उचलायचे, दात आवळायचे, श्वास कोंडायचा आणि जेवढं ओढता येईल तेवढं ओढायचं. दुखलं म्हणजे गुण येतोय, असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवून टाकलं. आणि आत चुलीपाशी बसलेल्या त्या पोरीला यातलं काहीच दिसत नव्हतं.

होळी झाली त्या आठवड्यात एका सकाळी पाय वर असतानाच कमरेत असा लचका भरला की मी ओरडलो. पहिल्यापेक्षा वाईट. कूस बदलता येईना. कौसा रडायला लागली. मी छताकडं पाहत पडलो होतो. मान वळवली की माग दिसायचा, त्यावर जांभळं कापड आणि पहिल्याच ओळीतला अर्धा मोर, मान नसलेला. आता गंगाधरला बोलवावं लागणार, असं मी मनातल्या मनात म्हणून टाकलं. पोरीला काय सांगायचं, तेवढंच ठरवायचं राहिलं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

“नाना, तुम्ही श्वास कोंडू राहिले का?”

कौसाचं रडणं थांबलं. लग्नानंतर सून पहिल्यांदा माझ्याशी बोलली होती, तेही भिंतीआडून. कौसानं माझ्याकडं पाहिलं. माझा चेहरा बघून काय ते कळेल, असं तिला वाटलं असावं. पण माझा चेहरा दुखण्यानं वाकडा झालेला, त्यातून काय कळणार?

“कोंडतो तर,” मी म्हणालो. “मग काय करायचं?”

“सोडायचा. उचलताना सोडायचा. आणि पाय एकच ना?”

“दोन्ही.”

आतून आवाज आला, जरा कापरा. “दोन्ही नव्हते सांगितले. चूक माझी आहे. मला इथून दिसत नाही.”

“तुझी कसली चूक?” मी म्हणालो. “पोहायला शिकवायचं आणि शिकवणाऱ्याला विहिरीकडं पाठ करून बसवायचं, असं चाललंय आपलं. सूनबाई, इकडं ये. समोर ये.”

ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. पुढं यायचं की नाही, हे ती माझ्याकडं बघून नाही, कौसाकडं बघून ठरवत होती. घरातली रीत मी सांगितली असली तरी ती राखायचं काम कौसाचं होतं. तिच्या सासूनं तिच्याकडून राखून घेतलेली, तिनं सारिकाकडून.

कौसा डोळे पुसत उठली आणि आतल्या खोलीत गेली. पेटीची कडी वाजली. मला वाटलं, रुसली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पिवळा पंजाबी ड्रेस होता. सारिकानं माहेराहून आणलेला आणि कौसानंच ‘आमच्याकडं सुना साडीच नेसतात’ म्हणून पेटीच्या तळाशी ठेवायला लावलेला.

“हा घालून ये,” ती सारिकाला म्हणाली. “साडीत तू काय कंबर उचलशील, आणि यांना काय दिसंल?”

आज मागं वळून बघतो तेव्हा वाटतं, माझी कंबर त्या ड्रेसनं सरळ केली. कौसाला हे मी तिच्या हयातीत सांगितलं, हे बरं झालं. ती म्हणाली होती, “मंग काय, नुसतं तुमच्या व्यायामानं?”

लचका उतरायला थोडे दिवस गेले. मग सारिका माझ्यासमोर सतरंजी अंथरून स्वतः करून दाखवायला लागली. गुडघे उभे करून, श्वास सोडत, कंबर इतकी सावकाश उचलायची की एकेक मणका जमिनीपासून वेगळा होताना दिसावा. गुडघे-हातांवर ओणवं होऊन एक हात पुढं, उलट बाजूचा पाय मागं, आणि पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवला तरी सांडू नये. एका गुडघ्यावर बसून पुढं झुकायचं, म्हणजे मांडीचा आखडलेला पुढचा भाग सैल होतो. सुरुवातीला ती एकीकडं बघून बोलायची. पण चुकलेलं बघायचं तर माणसाकडं बघावंच लागतं.

“नाना, ओढू नका. दात आवळू नका.”

“ताण नको तर व्यायाम कशाला?”

तिनं मागाकडं बोट केलं. “तुम्ही रोज काम संपलं की ताणा सैल करून ठेवता. का?”

“नाही केला तर धागे तुटतील. रात्रभर कशाला ताठ ठेवायचा?”

“मग कंबर कधी सैल करता?”

दुसऱ्या दिवसापासून मी ओढणं बंद केलं.

गल्लीत बातमी पसरलीच. गंगाधरची बायको वाटीभर साखर मागायला आली आणि दारातच थिजली. आत मी एका सतरंजीवर, सून दुसऱ्या सतरंजीवर ड्रेसमध्ये, आणि मध्ये कौसाही पाय आखडून पडलेली, कारण तिच्याही गुडघ्यांची कुरकुर होती.

“आगं बया, हे काय चाललंय?”

“कंबरपूजा,” कौसा उताणीच म्हणाली. “येतीस का? साखर मंग घेऊन जा.”

अर्धा चैत्र गेला तेव्हा तस्नीमबाईंनी मला मागावर बसायची परवानगी दिली. पण अट घातली: थोडा वेळ बसायचं, उठायचं, व्यायाम करायचा, परत बसायचं. आता मागावर बसलेल्या माणसाला घड्याळ कुठं दिसतं? सारिकानं त्यावर तोड काढली. “नाना, मोराचा एक पंख झाला की उठायचं. पुढं कमरेनं जोर धरला की मग एक मोर झाला की.”

मी कुरकुर करायचो, पण उठायचो. आणि खरंच, कळ मांडीतून वर सरकत सरकत एक दिवस नाहीशी झाली. पण अर्धा वेळ मी मागावर आणि अर्धा सतरंजीवर. पदरावरचे मोर गोगलगायीच्या चालीनं पुढं सरकत होते. लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या आणि पदर निम्मासुद्धा झालेला नव्हता.

एका दुपारी मी कंबर उचलून पडलो होतो. सारिका समोर बसून बघत होती. पलीकडं माग रिकामा. मी खाली आलो, श्वास सोडला आणि म्हणालो, “तुला बघायला आलो होतो तेव्हा तुझे वडील म्हणाले होते, पोर मागावर बसते म्हणून.”

“हो. लग्नाच्या आधीपर्यंत बसायची.”

“मी काय म्हणालो होतो, आठवतं?”

“आता आमच्याकडं आराम करंल, असं म्हणाले होते.”

“आराम झाला का?”

ती हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

“मग बैस,” मी म्हणालो.

“नाना, रेघ येईल.”

“येऊ दे.”

हे म्हणताना माझा आवाज घट्ट होता, पण आत काय झालं ते मलाच ठाऊक. कल्पनाला दिलेला शब्द मी माझ्या तोंडानं मोडत होतो. सारिका उठली, ओढणी कमरेला बांधली, मागाला हात लावून तो कपाळाला लावला आणि पाय खड्ड्यात सोडले. मी सतरंजीवर पडून ऐकत राहिलो. माझा ठोक जड, तिचा हलका, पण सगळे एकसारखे. कुठंही अडखळला नाही. माझे डोळे भरून आले. कंबर दुखत नसताना रडायला काय झालं, म्हणून कौसानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग ठरलंच. एक मोर माझा, एक तिचा. ती बसली की मी सतरंजीवर, मी बसलो की ती चुलीपाशी. लग्नाला थोडेच दिवस राहिले असताना पैठणी मागावरून उतरली. सारिका पदरावरून बोट फिरवत म्हणाली, “नाना, दिसतंय हो. जिथं जिथं हात बदलला तिथं तिथं.” कल्पना शेजारीच उभी होती. तिनं पदर खांद्यावर टाकला आणि म्हणाली, “एकाच्या ऐवजी दोघांच्या हातचं नेसू राहिले मी. तक्रार कोणाची आहे?”

तक्रार नव्हती, पण लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिणबाईंचं बोट अडकलंच. बायका साड्या बघत बसल्या होत्या. विहिणबाईंनी पदर मांडीवर घेतला, डोळे मिटल्यासारखे करून बोट फिरवलं आणि थांबल्या.

“नाना, इथं हात बदललाय का? तुम्ही तर म्हणाला होता, स्वतः विणणार.”

साळ्यांच्या मांडवात या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळतो. सारिका हातातलं सुपारीचं ताट घेऊन जिथल्या तिथं उभी राहिली, मान खाली, पदर पुन्हा डोक्यावर. चार पाहुण्यांत ती पुन्हा जुनी सून झाली होती.

“बदललाय,” मी म्हणालो. “एक मोर माझा, एक माझ्या सुनेचा. आणि जो माझा आहे ना, तोही तिचाच. होळीला मला कूस बदलता येत नव्हती, विहिणबाई. हिनं मला जमिनीवरून उठवून मागावर बसवलं. तेव्हा तुमच्या सुनेच्या पदरावर रेघ आहे, ती मी लपवणार नाही. उलट बोट लावून बघा, किती वेळा आहे ती.”

विहिणबाईंनी खरंच पुन्हा बोट फिरवलं, पदराच्या काठापर्यंत. मग सारिकाकडं पाहून म्हणाल्या, “हलका हात आहे गं तुझा. माझ्या आईचा होता असा.” आणि तिला हाताला धरून शेजारी बसवली. माझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी मी पाटावर मांडी घालून कन्यादान केलं. उठतानाही कोणाचा हात लागला नाही. पाठवणीच्या वेळी जांभळी पैठणी नेसलेली कल्पना माझ्या पायावर कोसळली आणि उठेचना. सगळा मांडव रडत होता. तिला उचलायला मी वाकणार, तेवढ्यात माझ्या मागून हळूच आवाज आला. सारिका स्वतः हुंदके देत होती, तरी म्हणाली,

“नाना, गुडघ्यातून वाका.”

मी गुडघ्यातून वाकलो. माझ्या लेकीला मी माझ्या हातांनी उभी केली.

त्याला आता पंधराहून जास्त वर्षं झाली. कौसा गेली. मी अजून रोज सकाळी सतरंजी अंथरतो आणि शेजारची तिची जागा मोकळी ठेवतो. माग आता सारिकाचा आहे. माझी नजर बारीक कामाला पुरत नाही. देवानं मला बरंच दिलं, पण हातातून काही निसटत असताना ते धरून ठेवणारं माणूस ज्याच्या घरात लग्न होऊन येतं, त्यानं आणखी काय मागायचं?

मी मागाजवळ खुर्ची टाकून बसतो. शेवटी खुर्चीवर आलोच म्हणा. बसल्या बसल्या मोर मोजतो.

“सारिका, एक झाला. ऊठ.”

“एवढी चोच होऊ द्या, नाना.”

“मीही असंच म्हणायचो. पाचर ठोकली जाते मग. ऊठ.”

ती कुरकुरत खड्ड्यातून पाय बाहेर काढते, कौसाच्या जागेवर सतरंजी टाकते आणि गुडघे उभे करून पडते. मी समोर जाऊन उभा राहतो, कारण समोरून बघितल्याशिवाय चूक दिसत नाही.

“हां, आता उचल. हळू,” मी म्हणतो. “श्वास सोड.”